चवळी, मटकी आणि बनसोडेमामा

बनसोडेमामा दार वाजवल्याशिवाय उंदरांच्या खोलीत जात नसत. आमच्या फार्मसी कॉलेजच्या मागच्या बाजूला, जनरेटरच्या पलीकडे ही खोली होती. दारावर इंग्रजीत ‘ॲनिमल हाउस’ अशी पाटी आणि आत लोखंडी मांडण्यांवर पिंजऱ्यांच्या चार रांगा. मी औषधशास्त्राची नवी शिक्षिका म्हणून तिथे रुजू झाले, त्या पहिल्या आठवड्यात घाईघाईने दार ढकलून आत शिरले. मामा कोपऱ्यात खुराक मोजत होते. त्यांनी वर पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, भायेर जावा आनि दार वाजवून या.”

मला वाटलं, माझ्यासाठी. कॉलेजात नव्याने आलेल्या बाईला शिस्त लावतायत. रागानेच बाहेर गेले, दार वाजवलं, आत आले. तेव्हा ते म्हणाले, “माझ्यासाठी न्हाई. मंडळी दचकत्यात.”

उंदरांना ते ‘मंडळी’ म्हणत. मंडळी जेवली, मंडळीस्नी आज उकडतंय, मंडळीत एकजन रुसलाय. त्यांचं पूर्ण नाव आनंदा बनसोडे. मूळ गाव तासगावकडचं, पण वडील माधवनगरच्या गिरणीत लागले आणि घर तिकडंच झालं. गिरणी बंद पडल्यावर आनंदा कॉलेजात शिपाई म्हणून आले. पहिल्या वर्षी उंदरांच्या खोलीवर कुणी जायला तयार नव्हतं, वास येतो म्हणून. यांना पाठवलं आणि मग तीस वर्षं कुणी परत बोलावलं नाही.

अंगाने बारीक, रंगाने काळे, पांढऱ्या मिशा बारीक कातरलेल्या. हात मात्र शरीराच्या मानाने मोठे, आणि ते कधीच रिकामे नसत. बोलताना, चहा पिताना, सहीसाठी थांबलेले असताना ते जुन्या वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या फाडत असत. उंदरांच्या अंथरुणाला लागतात म्हणून. पट्ट्यांनी खिसा भरला की घडी घालून पिशवीत. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात प्राचार्यांचं भाषण चालू असताना मागच्या रांगेतून बारीक चर्र चर्र आवाज यायचा. कुणी वळून बघायचं नाही, सगळ्यांना ठाऊक असायचं.

कुणी विद्यार्थी अत्तर किंवा सुवासिक तेल लावून प्रॅक्टिकलला आला तर मामा त्याला नळावर परत पाठवत. “तुला वास चांगला वाटतोय. त्यास्नी मांजरापरीस वंगाळ.” पोरं हसायची. पण हात धुऊन यायची.

त्यांची एक गोष्ट कॉलेजात बरीच वर्षं सांगितली जायची. परीक्षेला बाहेरगावाहून परीक्षक आले होते. मोठं नाव, मोठा हुद्दा. त्यांनी एका विद्यार्थ्याला दाखवण्यासाठी पिंजऱ्यातला उंदीर शेपटीला धरून उचलला आणि तसाच अधांतरी धरून बोलत राहिले. पाच मिनिटं झाली असतील. मामा पुढे आले आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “सायेब, तिच्या खाली हात द्या.” परीक्षकांचा चेहरा लाल झाला. दुपारी प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, या माणसाकडून लेखी माफी घ्या.

मी मामांना कागद दिला, पेन दिलं, मजकूरही सांगितला. त्यांनी खाली मान घालून लिहिलं. कागद प्राचार्यांकडे नेताना मी वाचला. ‘मी परीक्षकांशी मोठ्या आवाजात बोललो याबद्दल माफी मागतो.’ हे माझं वाक्य. त्याखाली त्यांनी स्वतःचं एक घातलं होतं: ‘उंदीर शेपटीला धरून उचलू नये.’

मी तो कागद तसाच पुढे दिला. मनातल्या मनात मला फार हसू आलं होतं. पण परीक्षक चुकले होते हे त्या खोलीत मलाही कळत होतं, आणि मी गप्प होते, ही गोष्ट तेव्हा लक्षात आली नाही. आता येते.

मग नियम बदलले. विद्यार्थ्यांनी जनावरांवर प्रयोग करायचे नाहीत, संगणकावर शिकायचं असं ठरलं. चांगलंच झालं. खोली बंद करायचा आदेश निघाला. पण खोलीत एकेचाळीस उंदीर उरले होते. दुसरं कुठलं कॉलेज घ्यायला तयार नव्हतं. शेवटी जे ठरायचं ते ठरलं आणि कागदावर विभागाची जबाबदार म्हणून माझी सही झाली. ठरल्या दिवशी मी तिथे हजर असायला हवं होतं. मी सकाळी फोन करून सांगितलं की आईची तब्येत बरी नाही, वाईला निघालेय. आईची तब्येत छान होती. मी वाईच्या घाटावर बसून दुपार काढली.

दुसऱ्या दिवशी कळलं, मामांनी कुणाला आत येऊ दिलं नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन भरून द्यायचं आणि पुढचं मामांनी. प्रत्येकाला आधी शेंगदाणा दिला होता म्हणे. मी खोलीवर गेले तर ते रिकामे पिंजरे पाण्याने धूत होते. मी विचारलं, “मामा, दुसऱ्या कुणाला सांगायचं होतं. तुम्ही कशाला?”

“माझ्या हाताला वळखत हुती,” ते म्हणाले. “परक्या हातात शेवटाला घाबरली असती.”

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी माझ्या मुलीने, रेवाने, उंदीर पाळायचा हट्ट धरला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. कुठल्याशा व्हिडिओत तिने एका मुलीच्या खांद्यावर बसून मका खाणारा उंदीर पाहिला होता. घरात सासूबाई म्हणाल्या, “लोक उंदीर मारायला औषध आणतात आणि हिला पाळायचाय.” नवऱ्याने हात वर केले. मी मात्र हो म्हणाले. एकेचाळीस उंदरांचं काहीतरी फेडावं असं मनात असेल, किंवा लेकीसमोर मोठं व्हायचं असेल. हे नीट लिहून ठेवते: हो मी म्हणाले. कुणी माझ्या गळ्यात मारलं नव्हतं.

मी मामांना फोन केला. ते त्याच दुपारी सायकलवरून सांगलीत आमच्या घरी आले.

पहिल्यांदा आम्ही गावातल्याच एका दुकानात गेलो. रंगीत मासे, लव्हबर्ड आणि एका काचेच्या पेटीत वीसेक पांढरे उंदीर एकमेकांवर चढलेले. रेवा काचेला नाक लावून उभी राहिली. तिने एक लगेच पसंतही केला. मामांनी तो ओंजळीत घेतला आणि कानाशी धरला, जसं आपण घड्याळ चालू आहे का बघतो. मग रेवाच्या कानाशी धरला.

“काय ऐकू येतंय?”

“टिकटिक. आणि घर्र घर्र.”

“टिकटिक चालंल. घरघर न्हाई. छाती भरलीय त्याची. नाकापाशी बघ, तांबडं पानी सुकलंय. रगत न्हाई ते, पन बरं नसलं, घाबरलं की येतं.” त्यांनी उंदीर खाली ठेवला. “हितलं कुटलंच न्यायचं न्हाई. एका पेटीतली हायती. एक आजारी म्हंजी समदी आजारी. काचंत वारा खेळत न्हाई, मुताचा वास कोंडतो, छाती जाती.”

रेवा रडायला लागली. दुकानदार म्हणाला, “उंदीर तर आहे, काका. एवढं काय बघताय?” मामांनी जाता जाता पेटीचं झाकण दोन बोटं उघडं करून ठेवलं.

पुढच्या रविवारी ते आम्हाला साताऱ्याला घेऊन गेले. शहराबाहेर एक निवृत्त सुभेदार राहायचे. फौजेतून आल्यावर शेती भावाकडे ठेवून यांनी ससे, कबुतरं आणि उंदीर पाळायला घेतले होते. कॉलेजच्या दिवसांपासून मामांची आणि त्यांची ओळख. गाडीतून उतरताच सुभेदारांनी सलाम ठोकला. “या गड्या! माल एकदम फिट हाय.”

“माल म्हनू नगा,” मामा म्हणाले.

“बरं, जवान म्हनतो. चालंल?”

गोठ्याशेजारच्या थंड खोलीत मोठमोठे पिंजरे होते. रंगही कितीतरी. राखाडी, तपकिरी, डोकं काळं आणि अंग पांढरं असे. रेवाचे डोळे भिरभिरायला लागले. मामांनी तिला खाली सतरंजीवर बसवलं, पिंजऱ्याचं दार उघडलं आणि तिचा हात आत ठेवायला सांगितला.

“मी कुठला निवडू?”

“तू निवडू नगंस. हात असाच ठेव आनि गप बसून ऱ्हा. निवडत्यात ती.”

नऊ वर्षांची मुलगी अर्धा तास हलली नाही. मी तिची आई असून मला ते खरं वाटलं नसतं. शेवटी काळ्या डोक्याची एक उंदरीण आली, बोटं हुंगली, मनगटावर चढली आणि फ्रॉकच्या बाहीत शिरली. रेवाने श्वास रोखून धरला. मामा हसले. मग त्यांनी त्या उंदरिणीला उचललं. एक हात छातीखाली, एक बुडाखाली. डोळे, कान, दात, शेपटीखाली बघितलं. कानाशी धरलं. मान हलवली.

“आता दुसरी. एकटं ऱ्हायत न्हाई ह्ये जनावर, झुरतं. पन आपल्या मनानं जोड लावायची न्हाई. झोपताना ही कुनाला चिकटती ते बघू.”

आणि खरंच आम्ही थांबलो. सुभेदारांच्या घरी भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं, तोवर पिंजऱ्यात दुपारची झोप लागली होती. काळ्या डोक्याची एका मटकीच्या रंगाच्या उंदरिणीच्या मानेवर हनुवटी टेकवून झोपली होती. “दोनीबी माद्या. बेस झालं,” मामा म्हणाले. “नर-मादी नेली असती तर तीन म्हैन्यानं मॅडम, घर त्यांचं आनि तुमी भाडेकरू.”

पांढऱ्या अंगाची काळ्या डोक्याची ती चवळी आणि दुसरी मटकी, ही नावं रेवाने परतीच्या वाटेवर ठेवली.

पिंजरा मामांनी आधीच तयार करून ठेवला होता. जुन्या पुस्तकांच्या रॅकला माधवनगरच्या वेल्डरकडून जाळी मारून घेतलेली. जाळीच्या भोकात त्यांनी रेवाला करंगळी घालायला लावली. “करंगळी गेली तर पिल्लू गेलं. जातीय का? न्हाई ना?” तळाला मात्र जाळी नको, पाय सोलतात, म्हणून सपाट ट्रे. वर जायला शिडी. माझ्या जुन्या सुती ओढणीची झोळी. एका कोपऱ्यात काठ फुटलेलं मातीचं मडकं आडवं, कारण सांगलीचा उन्हाळा. आमच्या गॅलरीत पिंजरा कुठे ठेवायचा हे ठरवायला ते तीनदा वेगवेगळ्या वेळी येऊन गेले. ऊन कुठे येतं, वारा कुठून येतो, सासूबाईंच्या टीव्हीचा आवाज कुठवर येतो ते बघायला.

त्यानंतर ते दर गुरुवारी यायचे. रेवा शाळेतून यायच्या आधीच गॅलरीत स्टुलावर बसलेले असायचे. धुवायचं कसं तेही शिकवलं. “निम्मंच धू. समदं एकदम धुतलंस तर त्यास्नी वाटंल घर बदललं.” ज्वारी, बाजरी, काकडीची फोड, रविवारी उकडलेल्या अंड्याचा तुकडा. शेंगदाणा एकच. रेवा त्यांना प्रश्न विचारायची आणि ते तिला मोठ्या माणसासारखं उत्तर द्यायचे. एकदा तिने विचारलं, “मामा, हे किती वर्षं जगतात?” मी आतून काहीतरी बोलून विषय बदलणार होते. तोवर ते म्हणाले, “दोन. लय झालं तर अडीच. म्हनून रोज खेळायचं.”

त्यांच्यासाठी सासूबाईंनी एक वेगळा कप ठेवला होता, कान तुटलेला, गॅलरीच्या खिडकीत. त्यात चहा जायचा. मी तो पहिल्याच गुरुवारी पाहिला. मी सासूबाईंना काही बोलले नाही, आणि दुसरा कपही काढला नाही. मामा चहा पिऊन तो स्वतः गॅलरीतल्या नळावर धुऊन खिडकीत ठेवायचे. एकदाही त्यांनी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं नाही. निदान मला दिसेल असं नाही.

माझी नणंद, विद्याताई, सांगलीतच एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. ती एका गुरुवारी आली आणि रेवाच्या खांद्यावर चवळी आणि पुढे मांडी घालून बसलेले मामा बघून थक्क झाली. शाळेत प्राण्यांचा कोपरा करायचं तिच्या मनात होतंच. ससे, पक्षी, उंदीर. “असा माणूस मिळाला तर आजच करते,” ती म्हणाली. गणपतीच्या सुट्टीनंतर सुरू करायचं ठरलं. मामांनी दोन पांढरे शर्ट शिवून घेतले. मुलांसाठी सूचना लिहायच्या म्हणून माझ्याकडून पुठ्ठ्यांवर मोठी अक्षरं काढून घेतली. मला म्हणाले, “लेकरं शिकली की म्होरं उंदीर बघून चप्पल काढायची न्हाईत.” त्यांना इतक्या हौसेने बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

श्रावणात रेवाला ताप आला. तिसऱ्या दिवशी एकशे चार. दवाखान्यात दाखल केलं. प्लेटलेट उतरत होत्या. डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले, बाहेरचं पाणी, प्रवास, घरात प्राणी. मी सांगितलं, दोन उंदीर आहेत. ते म्हणाले, “मग उंदरांपासून होणाऱ्या तापाचीही तपासणी करून घेऊ. डेंग्यूची तर करतोच आहोत.” एवढंच. पण खोलीत सासूबाई होत्या, विद्याताई होती.

“उंदरांपासून ताप? आणि मी ते शाळेत आणणार होते!” विद्याताईचा आवाज चढला. “तू स्वतः औषधशास्त्र शिकवतेस ना? तुला कळलं नाही? घरात आणलेच कुणी?”

मी उत्तर द्यायला वळले आणि दारात मामा दिसले. हातात शहाळं होतं, वरचं तोंड तासून प्लास्टिकने बांधलेलं. आतच येत होते, ते थांबले.

मी म्हणाले, “मामांनी आणून दिले. मी नकोच म्हणत होते.”

मी त्यांच्याकडे बघून म्हणाले. हे मला विसरता येत नाही. पाठमोरी असते तर निदान ते मागे आहेत हे माहीत नव्हतं असं स्वतःला सांगता आलं असतं.

विद्याताई त्यांच्यावर तुटून पडली. अशा जागी तीस वर्षं काम केलेल्या माणसाला लहान मुलाच्या घरात काय आणावं याची अक्कल नाही का, असं आणि आणखी बरंच. सासूबाई रडत होत्या. रेवा ग्लानीत होती. मामा खाली बघत उभे होते. तिचं बोलून झाल्यावर म्हणाले, “व्हय ताई. माजंच चुकलं.” शहाळं खिडकीत ठेवलं. मग मला विचारलं, “मॅडम, आजच न्हेऊ का त्यास्नी?”

मी मान हलवली.

सासूबाई कपडे आणायला घरी गेल्या, तेव्हा मामा तिथे येऊन गेले. सासूबाईंनीच दार उघडून दिलं. मामांनी दोघींना टोपलीत घेतलं, पिंजरा रिकामा करून पुसला, गॅलरी झाडली. “आणि कप धुऊन पालथा घालून गेला,” सासूबाई मला म्हणाल्या. त्यांनाही ते कुठेतरी लागलं असावं, नाहीतर सांगितलं नसतं.

पाचव्या दिवशी तपासण्या आल्या. उंदरांचा ताप नव्हता. डेंग्यू होता. महापालिकेची आरोग्यसेविका घरी आली, तिने कूलरची टाकी उघडली. मे महिन्यापासून त्यात पाणी तसंच होतं. तिने बॅटरी मारून मला अळ्या दाखवल्या. बारीक, वळवळणाऱ्या, शेकड्यांनी. कूलर रिकामा करायचं काम माझं होतं. पिंजऱ्यापासून तो चार हातांवर होता, आणि पिंजऱ्यात पाण्याचा एक थेंब साचू द्यायचे नाहीत मामा.

रेवा बरी होऊन घरी आली. गॅलरीत गेली, परत आली. “चवळी-मटकी कुठायत?”

“मामांकडे राहायला गेल्यात.”

“कधी येणार?”

मी सांगितलं, बघू.

विद्याताईला मी फोन केला, रिपोर्ट सांगितला. ती म्हणाली, “बरं झालं बाई. पण मी शाळेच्या कमिटीत उंदरांच्या तापाचं सांगून बसलेय. आता उंदराचं नाव काढायची सोय नाही. आणि तो माणूसही नकोच.” तेव्हा मी बोलायला हवं होतं. ताई, मी नको म्हणत नव्हते. मीच फोन करून बोलावलं, मीच गाडी काढून साताऱ्याला नेलं. दोन वाक्यं होती. मी म्हणाले, “हो, बरोबर आहे.” आणि ठेवला.

माधवनगरला जायला मला सहा आठवडे लागले. रेवाने भुणभुण केली नसती तर आणखी लागले असते. जुन्या गिरणीच्या चाळीतलं त्यांचं घर मी पहिल्यांदाच बघत होते. दोन खोल्या, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती. बाहेरच्या खोलीतली अर्धी जागा नव्या पिंजऱ्याने घेतलेली. रेवाने दार वाजवूनच पाय आत टाकला. मामांनी तिला आधी पुढ्यात उभं करून नीट बघितलं. “प्लेटलेटा वर आल्या का?” मग पिंजरा उघडला. चवळी सरळ तिच्या बाहीत गेली.

मामींनी चहा आणला. कपबशीचा चांगला जोड होता, बारीक निळ्या फुलांचा. मी तो हातात घेतला आणि माझ्याच्याने पिववेना. म्हणाले, “मामा, त्या दिवशी दवाखान्यात मी…”

“आवं, लेकराला ताप असला की मानूस कायबी बोलतं. तुमी आई हाय.”

मी ते घेतलं. सोपं होतं म्हणून घेतलं. खरं तर मी तापामुळे बोलले नव्हते. नणंद बघत होती म्हणून बोलले होते. नणंदेच्या नजरेत मी मूर्ख ठरू नये एवढ्यासाठी.

रेवा मामींबरोबर मागे परसात गेली होती. मग ते हळूच म्हणाले, “माझ्यावर घातलं त्याचं काय न्हाई, मॅडम. पन उंदरांवर घालायला नको हुतं. तुमास्नी ठावं हुतं.”

शिकवलं होतं मी. कोणत्या उंदरापासून काय होतं, पिंजऱ्यात जन्मलेल्या, निरोगी, घरातल्या जनावराची भीती किती आणि गटारातल्याची किती, हे दर वर्षी साठ मुलांना फळ्यावर लिहून शिकवलं होतं.

तिथून निघाल्यावर मी विद्याताईकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आता सांगतेस?” शाळेत तोवर माशांची काचपेटी आली होती. तरी तिने मामांना फोन केला, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. माफी मागितली, पुढच्या वर्षी या म्हणाली. त्यांनी नम्रपणे सांगितलं की आता जमायचं नाही.

उंदीर परत नेऊ का असं मी मामांना विचारलं. त्याला ते नाही म्हणाले नाहीत. “दोनदा घर बदललंय त्यांचं,” एवढं म्हणाले. मग रेवाच रविवारी तिकडे जायला लागली. मी तिला चाळीच्या तोंडाशी सोडायची. आत जात नव्हते. गाडीत बसून मोबाइल बघायची. मटकी आधी गेली, चवळी तिच्यामागून महिन्याभराने. दोन्ही वेळा रेवा नखांत माती घेऊन गाडीत बसली. नंतर शाळा, क्लास, रविवार कमी होत गेले.

गेल्या मार्चमध्ये मी वाईहून एकटीच परत येत होते. साताऱ्याला गाडी बदलायची होती. भर दुपार, स्टँडवर पंखे नुसते फिरत होते. बाकावर मामा दिसले. खूप वाळले होते. मांडीवर वेताची झाकणाची टोपली, वरून ओला पंचा.

मी जवळ गेले. त्यांनी ओळखलं, बाजूला सरकून जागा केली. रेवाची चौकशी केली. सुभेदारांना आता दिसत कमी, म्हणून पंधरा दिवसांनी येऊन त्यांची जनावरं बघतात असं सांगितलं. टोपलीत दोन पिल्लं होती, तासगावच्या कुण्या मुलीसाठी. तिचा बाप द्राक्षवाला, पोरीने हट्ट धरलेला. “तिला घिऊन आलतो मागल्या रविवारी. तीन तास बसली बगा, उठली न्हाई.” हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला.

मग ते उठले. पंचा वाळला होता, भिजवून आणायचा होता. क्षणभर त्यांनी टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टोपली माझ्या मांडीवर ठेवली. “खालून हात असू द्या.”

टोपली अगदी हलकी होती. आत काहीतरी इकडून तिकडे सरकलं आणि माझ्या तळहाताशी, वेताच्या पलीकडे, थांबलं. शेजारी एक बाई पिशव्या घेऊन बसली होती. तिने विचारलं, “काय हाय वो ताई, कोंबडीची पिल्लं?”

“उंदीर आहेत.”

“अगं बया!” ती पिशव्यांसकट सरकली. आजूबाजूचे दोघे-चौघे वळून बघायला लागले. “उंदीर कशाला वो? रोगराई नुसती.”

“नाही,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “यांच्यापासून काही होत नाही. एका मुलीसाठी नेतायत. बघून, तपासून आणलेत. ज्यांनी आणलेत त्यांना कळतं.”

मी मान वर केली तर मामा नळाकडून येऊन मागे उभे होते, पंच्यातून पाणी ठिबकत होतं. त्यांनी ऐकलं की नाही ते मला कळलं नाही. तेवढ्यात तासगावची गाडी लागल्याची घोषणा झाली. त्यांनी पंचा पिळून टोपलीवर पसरला, टोपली माझ्या हातांतून उचलून घेतली आणि “येतो मॅडम” म्हणून गेले.

गर्दी होती. लोक खिडक्यांतून रुमाल टाकत होते. मामा सगळ्यांत शेवटी चढले. कंडक्टरने पुढे कुठेतरी जागा करून दिली असावी, कारण गाडी वळली तेव्हा ते खिडकीशी बसलेले दिसले. स्टँडच्या फाटकातल्या खड्ड्यात चाक गेलं, सगळी गाडी हेलकावली, लोकांनी समोरच्या दांड्या धरल्या. मामांनी काहीच धरलं नाही. त्यांनी टोपली मांडीवरून दोन्ही हातांनी अधांतरी उचलून धरली आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत तशीच धरून ठेवली.